हायडीचं चीज, आमची दशमी आणि आगटीत फुटलेलं अंडं : एका रविवारच्या वाचनगटाचं प्रकरण

हे सगळं सविस्तर लिहून काढतेय कारण मुलांसोबत गोष्टीच्या पुस्तकातले पदार्थ करून बघायचे हा नाद बऱ्याच जणांना असतो, आम्हालाही लागला, आणि त्यात काय जमलं, काय फसलं, एकदा तर एका लेकराचा हात भाजला, ते जसंच्या तसं सांगितलं तर दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

आमचं गाव भूम तालुक्यात, धाराशिव जिल्हा, बालाघाटचा डोंगरपट्टा. पाऊस बेताचा, रब्बीची ज्वारी, खव्याच्या भट्ट्या आणि घरटी दोनचार शेळ्या. माझ्या ओसरीवर दर रविवारी सकाळी चौदा पोरं येतात, चौथीपासून आठवीपर्यंतची. पत्र्याची एक पेटी आहे पुस्तकांची, त्यातलं एक काढायचं, मी थोडं वाचायचं, मग ज्याला जमतं त्यानं पुढं वाचायचं, एवढंच. स्वयंपाकाचा काही विषयच नव्हता तिथं.

तो आला हायडीमुळं. जोहाना स्पायरीबाईंची ही कादंबरी मूळ जर्मन, पहिला भाग १८८० सालचा, आम्ही वाचायलो होतो ते मराठीतलं छोटं रूप. पाच वर्षांची अनाथ पोरगी, तिची मावशी तिला आल्प्सच्या डोंगरावर एकट्या राहणाऱ्या तिरसट आजोबांकडं सोडून जाते. शेळ्या आल्या, शेळ्या राखणारा पीटर आला, की आमची पोरं एकदम घरचीच झाली, कारण उस्मानाबादी शेळीच्या मागं डोंगर चढणं ह्यांना कुणी शिकवायची गरज नाही. आणि मग ते पान आलं, पहिल्याच दिवशीचं. आजोबा चुलीसमोर बसून लोखंडी लांब काट्याला चीजचा मोठा तुकडा लावतात, विस्तवावर फिरवत फिरवत सगळीकडनं सोनेरी करतात आणि ते मऊ झालेलं चीज पोरीच्या भाकरीवर, म्हणजे त्यांच्या पावावर, पसरून देतात. सोबत वाटीभर शेळीचं दूध.

"ताई, शेळीच्या दुधाचं चीज आपल्याला करता येईल का ओ?" सातवीतल्या एका पोरानं विचारलं, त्याच्या घरी सात शेळ्या. मी म्हणाले करून बघू. एवढ्यावर सगळं सुरू झालं.

शेळीचं दूध जमवणं हेच मोठं काम निघालं. उस्मानाबादी शेळी मुख्यतः मटणासाठी पाळतात, पिलांचं पोट भरून उरतं ते दूध अर्धा-पाऊण लिटर. चार घरचं मिळून दोन लिटर झालं. सासूबाई म्हणाल्या, "शेळीच्या दुधाचं काय करायलीस? वास मारतो त्याला." वास होताच, बोकड जवळ बांधलेला असला की जास्तच येतो, पण पोरांना त्याचं काही नव्हतं. उकळी आणून तीन लिंबं पिळली. गाईम्हशीचं दूध फाटलं की कसे ठसठशीत गोळे होतात, इथं रव्यासारखा बारीक चुरा झाला, निम्मा तर फडक्यातून निघून जायला लागला. शेळीच्या दुधातलं प्रथिन जरा वेगळ्या घडणीचं असतं, त्याची गाठ नाजूक पडते, म्हणून तर ते पचायला हलकं म्हणतात. फडक्यात बांधून वरवंट्याखाली दोन तास ठेवलं, मुठीएवढा पांढरा गोळा मिळाला, पोरं खूश.

चुलीतला आर, म्हणजे निखारा, पुढं ओढला, लोखंडी सळईला तुकडा टोचला आणि एकानं धरला. अर्ध्या मिनिटात "ताई, हे पडायलंय!" आणि पडलंच, विस्तवात, चर्र आवाज आणि करपलेल्या दुधाचा वास घरभर. दुसरा तुकडा पडला. तिसरा तव्यावर टाकला तर तो कडेनं तांबूस झाला, आत कोरडा, रबरासारखा, पण वितळायचं नाव नाही. पोरं गप्प उभी. एक चौथीतली म्हणाली, "मग हायडीनं काय खाल्लं?"

असं का झालं ते मला नंतर नीट कळलं आणि पुढच्या रविवारी पोरांना सांगितलं. आपण लिंबानं फाडतो ते पनीर. आंबटामुळं दुधातलं कॅल्शियम प्रथिनापासून सुटतं आणि प्रथिनं एकमेकांना इतकी घट्ट धरतात की तापवलं की नुसतं पाणी बाहेर येतं, पनीर आटतं, सुकतं, पण वितळत नाही, म्हणूनच तर ते भाजीत टिकतं. त्या डोंगरातलं चीज रेनेटनं, म्हणजे वासराच्या पोटातल्या पाचकरसानं, जमवलेलं आणि महिनोन्‌महिने मुरवलेलं असतं, त्यात कॅल्शियम राहतं आणि गरम झालं की प्रथिनांचे थर एकमेकांवरून घसरतात. थोडक्यात आमच्या हातात होतं ते वेगळंच काहीतरी होतं.

मग मी तालुक्याहून चीजचे क्यूब आणले. ते काट्याला लावले, छान तांबूस झाले, मऊ झाले, पोरांनी खाल्ले, चांगलं लागलं का विचारलं तर "हा" म्हणाली आणि खेळायला पळाली. मला तो "हा" लागून राहिला. रेसिपी जमली होती आणि तरी पुस्तकातलं ते पान काही आमच्या ओसरीवर आलं नव्हतं.

तिथून पुढं आम्ही काय बदललं तेच मला नेमकं सांगायचंय. पुढच्या रविवारी पुस्तक मिटायला लावलं आणि विचारलं, त्या पानावरचं काय आठवतं? चीज हा शब्द पहिल्या पाच उत्तरांत आलाच नाही. "आजोबांनी करून दिलं." "तिला भूक लागली होती." "ते रागीट हायेत पन तिला जास्त दिलं." "चूल होती." एक पोरगा म्हणाला, "ताई, हायडीचे आजोबा चुलीपाशी बसायलेत, आमचे आजोबा तर कधीच बसत न्हाईत." ह्या वाक्यानं माझे डोळे उघडले. पदार्थ म्हणजे साहित्याची यादी नाही, त्या पदार्थाचं गोष्टीत एक काम असतं, ते काम करणारा पदार्थ आपल्या घरात कोणता हे शोधायचं. मग आम्ही एक दोनशेपानी वही केली आणि ठरवलं की प्रत्येक पदार्थाआधी त्यात लिहायचं, कोण कोणासाठी करतंय, काय कमी आहे, आणि कशावर शिजतंय. साहित्य त्याच्यानंतर.

हायडीच्या त्या पानाचं उत्तर मग पोरांनीच काढलं. विस्तवावर शेकलेलं, वरून काहीतरी मऊ वितळलेलं, आणि आजोबांनी दिलेलं. भाकरी आरापुढं उभी करून कडक शेकायची, पापुद्रा सोडवायचा, आत लोण्याचा गोळा आणि मीठ. गरम भाकरीत लोणी अगदी तसंच पसरतं. लोणी मात्र म्हशीचं घेतलं, कारण शेळीच्या दुधातली चरबी फार बारीक थेंबांची असते, साय धरत नाही, घुसळून लोणी काढणं जिकिरीचं. आणि अट ही की करून द्यायचं ते आजोबांनी.

चौदातल्या चौघांचे आजोबा आले. त्यातले एक आयुष्यभर शेळ्या-मेंढ्यांमागं फिरलेले. त्यांना काही सांगावंच लागलं नाही, काठी भिंतीला टेकवली, चुलीपुढं दोन पायावर बसले, आर सारखा केला, भाकरी कडेवर उभी केली आणि तिचा फिरवायचा क्षण इतका अचूक धरला की माझ्याकडून तो कधी जमत नाही. कांदा न सोलता आरात टाकला, वरचं काळं झालेलं सोलून काढलं आणि बुक्कीनं फोडून भाकरीवर ठेवला. त्यांची नात मांडीला मांडी लावून बसली होती. म्हणाले, "रानात हेच की. तिथं कुठली बायको येती भाकरी भाजायला." त्या दिवशी कुणी खेळायला पळालं नाही.

आता दशमीचं. ही माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट.

हायडीत पीटरची आंधळी म्हातारी आजी आहे, तिला तो काळा कडक पाव चावत नाही. हायडी फ्रँकफर्टला एका श्रीमंत घरी राहायला जाते तेव्हा जेवणाच्या टेबलावरचे पांढरे मऊ पाव रोज उचलून आपल्या कपड्यांच्या कपाटात साठवते, आजीला न्यायला. घर सांभाळणारी बाई ते कपाट उघडते, वाळलेल्या पावांचा ढीग बघून टाकून द्यायला लावते आणि पोरगी हमसून हमसून रडते. इथं सहावीतली एक मुलगी वाचता वाचता थांबली. म्हणाली, "आमच्या मायला पण भाकरी चावत न्हाई. ती दुधात कुस्करून खाती." माय म्हणजे तिची आजी.

वहीत लिहिलं, नात आजीसाठी, कमी काय तर दात, आणि पदार्थ असा पाहिजे की साठवून नेला तरी मऊ राहील. सासूबाई आतून म्हणाल्या, "मग दशमी करा की." पाण्याचा थेंब न घालता दुधात भिजवलेली ती दशमी. पंढरीच्या वाटेवर, माहेरी जाताना, लांबच्या प्रवासाला आपल्याकडं बायका हीच बांधून द्यायच्या.

आम्ही केली ती अशी. दोन वाट्या ज्वारीचं ताजं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं, पाव वाटी चिरलेला गूळ कोमट दुधात विरघळवून गाळलेला, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. दूध एकूण वाटीभर लागलं, पिठावर अवलंबून. दूध कोमटच हवं, उकळत्या दुधात गूळ टाकला तर फाटू शकतं. ज्वारीचं पीठ नुकतं दळलेलं हवं, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, कडा फाटतात. मळून लगेच थापायचं, मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी तूप सोडून भाजायचं, घाई केली की गूळ आणि दुधामुळं पटकन करपते. पहिल्या तीन करपल्या, चौथीपासून हात बसला.

मग पोरांनीच टूम काढली की हायडीसारखं साठवून बघायचं. रविवारी एक भाकरी, एक पोळी, एक दशमी आणि बाजारातला एक पाव असं सगळं कपाटात उघडं ठेवलं, आणि दुसरी एक दशमी फडक्यात बांधून डब्यात. बुधवारी संध्याकाळी सगळे जमले. भाकरी हाताने मोडली तर खळ्ळ आवाज झाला. पोळी चामड्यासारखी. पाव भिंतीवर आपटला तर वाजला, आणि सगळ्यांना एकदम कळलं की त्या कपाटातल्या पावांचं काय झालं असेल. उघडी दशमी कडेनं कडक, मधे बरी. डब्यातली मात्र बोटानं दाबली की दबत होती. शिजलेलं पीठ गार होताना आतला स्टार्च पुन्हा आवळून घट्ट होतो, म्हणून शिळं कडक लागतं, आणि दूध, तूप, गूळ हे तिघं ओल धरून ठेवतात आणि ते आवळणं लांबवतात. शिळा पाव पुन्हा गरम केला की तो काही वेळ मऊ होतो हेही करून बघितलं. ते बघून ती सहावीतली एकदम चिडली, "म्हंजे हायडीचे पाव टाकायची गरजच नव्हती!" खरंच नव्हती.

डब्यातली दशमी ती घरी घेऊन गेली. दुसऱ्या रविवारी तिची माय स्वतः काठी टेकत आली, ओसरीवर बसली आणि काळ्या पावाचं वर्णन ऐकून म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, भाकरी अशीच होती, लाल, घशाखाली उतरायची नाही, दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे कोरडं खाणं, मिळायचं त्यावर दिवस काढले. १९७२ पोरांना धड्यातलंसुद्धा नीट माहीत नव्हतं, ते असं कळलं. आणि एक उलटंपालटं सगळ्यांच्या लक्षात आलं ते म्हणजे तिच्या लहानपणी गव्हाची पोळी सणालाच, रोज ज्वारी, पीटरच्या आजीसारखंच पांढरं ते अप्रूपाचं, आणि आता रेशनचा गहू घरोघरी आणि चांगली ज्वारी घ्यायची तर बाजारात भाव विचारून मागं फिरावं लागतं.

इथपर्यंत सगळं गोड चाललं होतं म्हणून मी पुढची पायरी न जोखता चढले.

जानेवारीत आम्ही द सीक्रेट गार्डन घेतलं. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ही कादंबरी १९११ ची, त्यातली मेरी हिंदुस्थानात जन्मलेली, पटकीच्या साथीत आईबाप जातात आणि ती इंग्लंडात मामाच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, वाड्यावर जाते. सुरुवातीला जेवणाकडं बघत नाही, मग बागेत काम करून करून तिला कडकडून भूक लागायला लागते. डिकन नावाचा पोरगा रानात एक खड्डा शोधतो, त्यात दगडांची छोटी भट्टी लावतात आणि बटाटे अन् अंडी भाजतात, गरम बटाट्यात मीठ आणि ताजं लोणी. पोरं एका सुरात ओरडली, "आगटी!" हुरड्याचे दिवस, शेतात आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा विस्तवाचा खड्डा, रोजचीच. खड्डा, गोवऱ्या, आर, सगळं तयार. ह्यात शोधण्यासारखं काही उरलंच नव्हतं असं मला वाटलं आणि तीच चूक झाली.

बटाटे आरात पुरले, सोबत पाच कच्ची अंडी तशीच राखेत सरकवली. पुस्तकात भाजतात म्हणून भाजली. कच्च्या अंड्यात पाणी भरपूर, टरफल बंद, वाफेला वाट नाही, आर प्रखर. सातआठ मिनिटांत एक अंडं फटाक्यासारखं फुटलं, गरम राख आणि पांढरं उडालं, आणि जवळ वाकून बघणाऱ्या पाचवीतल्या पोराच्या मनगटावर पडलं. चटका छोटाच होता पण फोड आला. वीस मिनिटं मोटारीच्या वाहत्या पाण्याखाली हात धरला, कुणी टूथपेस्ट आणायला पळालं त्याला थांबवलं, आणि आरोग्य केंद्रात दाखवून आणलं. डोळ्यात गेलं असतं तर, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

त्याची आई संध्याकाळी आली. "पुस्तक वाचायला पाठवतो का विस्तवात घालायला?" तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मी त्या आगटीजवळ एकटी मोठी माणूस होते आणि पोरं चौदा. तीन रविवार गट बंद ठेवला.

ते तीन रविवार मी घरोघरी गेले, आणि तिथं दुसरीच एक तक्रार कळली जी कुणी तोंडावर बोललं नव्हतं. मी पोरांना सांगायची घरून लोणी आणा, दूध आणा, अंडं आणा. एका आईनं सांगितलं की तिचं पोरगं लोण्यासाठी रात्री रडलं, घरी दुभतं जनावर नाही. हे मला चटक्याएवढंच लागलं. आणि उत्तर पुन्हा त्याच पुस्तकात होतं. डिकनची आई बारा लेकरांची, तरी ती ह्या पोरांसाठी बागेत दूध आणि खाणं पाठवते, आणि मेरी आणि तिचा आतेभाऊ कॉलिन यांच्या मग लक्षात येतं की तिच्याच घरात किती तोंडं आहेत, तेव्हा ती बटाटे-अंड्यांसाठी स्वतःचे पैसे देऊ करतात. ही ओळ आम्ही वाचली होती, पण वहीतल्या "काय कमी आहे" समोर मी फक्त भूक लिहिली होती.

परत सुरू केलं ते असं. विस्तव पेटणार त्या दिवशी किमान तीन मोठी माणसं हवीत, नाहीतर फक्त वाचन. सहावीच्या खालच्यांनी आगटीपासून काठीच्या अंतरावर बसायचं, काठी आडवी टाकलेलीच असते. घरून काही आणायचं नाही, वर्गणी नाही, मी आणि दोन पालक मिळून सामान भरतो, ज्याच्या शेतात जे आहे ते तो देतो. अंडी आधी उकडून घ्यायची, टरफलाला चमच्यानं सगळीकडं तडे द्यायचे म्हणजे वाफ निघून जाते, आणि विझत आलेल्या गरम राखेत पंधरा मिनिटं ठेवायची. तड्यांतून धुराचा वास आत जातो, पांढऱ्यावर जाळीसारखी तपकिरी नक्षी उमटते, चव मूळ बेतापेक्षा चांगली लागते असं मी ठाम सांगते. बटाटे लहान घ्यायचे, काट्यानं टोचायचे, ज्वाळ पूर्ण बसल्यावर राखेत पाऊण तास. लोणी नव्हतं तेव्हा शेंगदाण्याचं कच्चं तेल आणि मीठ घातलं, त्यातही काही कमी वाटलं नाही.

मधे एक-दोन गोष्टी फसल्या त्या पटकन सांगते. ॲन ऑफ ग्रीन गेबल्समधलं रासबेरीचं सरबत पोरांना करायचं होतं, पण त्या प्रसंगात सरबत समजून मैत्रिणीला चुकून दारू पाजली जाते, ते पोरांना समजावण्यात आणि पालकांना पटवण्यात अर्थ नव्हता, आवळ्याचं सरबत करून पिऊन टाकलं, वहीत नोंदसुद्धा नाही. लिटल विमेनमध्ये जो नावाची मुलगी स्ट्रॉबेरीवर साखरेऐवजी मीठ घालते तो भाग मात्र पोरांना भयंकर आवडला, पण तो करून बघायचा नव्हता, नुसता हसायचा होता.

त्या मिठावरून गाडी तोत्तोचानवर गेली. ती कादंबरी नाही, तेत्सुको कुरोयानागी यांच्या शाळेच्या आठवणी आहेत, १९८१ सालच्या, पण आमच्या पेटीतलं सगळ्यात फाटलेलं पुस्तक तेच. रेल्वेच्या डब्यात भरणारी तोमोए शाळा, मुख्याध्यापक कोबायाशी, आणि त्यांचा नियम की डब्यात काहीतरी समुद्राकडचं आणि काहीतरी डोंगराकडचं हवं. ज्याच्या डब्यात एखादं नसेल त्याला कोबायाशींच्या बायको सोबतच्या भांड्यातून वाढायच्या. पोरांनी डोंगराकडचं भराभर सांगितलं, सीताफळ, बोरं, करडईची भाजी, मध. समुद्राकडचं काय? सगळे अडले. चौदातल्या एकानंही समुद्र बघितलेला नाही. मासे म्हणाले तर ते आमच्याकडं तळ्यातले. बराच वेळ गेला आणि तो हात भाजलेला पोरगा, जो परत यायला लागल्यापासून फार बोलत नव्हता, तो म्हणाला, "मीठ."

मला काही सुचेना. आमच्या सगळ्यांच्या चुलीपाशी रोज समुद्र होता आणि कुणाच्या ध्यानात नव्हता.

म्हणून पुढच्या रविवारी श्यामची आई काढलं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, १९३५ ला छापलेलं, त्यातला अळणी भाजीचा प्रसंग. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवतात, भाजीचं कौतुकच करतात, पोरंही गप्प, आणि आई सगळ्यांच्या मागून जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. ती भाजी रताळ्याच्या पाल्याची. कोकणातलं घर, पण तेव्हा आमच्याकडंही महाशिवरात्र जवळ आलेली, एकाच्या शेतात रताळी लावलेली, वेल हिरवेगार, पाला फुकट. वहीत लिहिलं, आईनं घरच्यांसाठी, कमी काय तर मीठ. आणि इथं कमी आहे तेच ठेवायचं होतं, भरून काढायचं नव्हतं.

कोवळा पाला निवडला, देठाची साल ओढून काढली, बारीक चिरला. तेलात मोहरी, भरपूर लसूण, हिरवी मिरची, मूठभर भिजवलेली मूगडाळ, पाला टाकला की ढीगभर दिसतो आणि झाकण काढेपर्यंत मूठभर होतो. फोडणी त्या पाचवीतल्या पोरानं दिली, मी शेजारी उभी, त्याची आई पण. मीठ घातलं नाही. सहा घरचे आईबाप जेवायला होते, त्यांना फक्त एवढंच सांगितलं की पोरांनी भाजी केलीय.

त्याचे वडील ट्रक चालवतात, महिन्यातून चार दिवस घरी. पहिला घास घेतला, क्षणभर थांबले, पोराकडं बघितलं. पोरगा दारात उभा, मनगटावर तो गुलाबी डाग. मग भाकरीचा तुकडा मोडून खायला लागले, आणि थोड्या वेळानं वाटी पुढं केली, "वाढ रे अजून." बाकीच्यांपैकी एकानं "मीठ इसरले की" म्हणून सांगून टाकलं, दुसऱ्यानं गुपचूप चटणी कालवून घेतली. बायका मागून बसल्या. त्याच्या आईनं पहिला घास तोंडात टाकला आणि "अगं बाई, हिच्यात मीठच न्हाई!" म्हणून नवऱ्याकडं बघितलं. ते पाणी पीत होते. म्हणाले, "पोरानं केली म्हनल्यावर."

त्या दिवशी वही त्यानंच भरली. अक्षर मोठं, शुद्धलेखन त्याचं त्याचं. भाजी, रताळाचा पाला. कशावर, चूल. मीठ, न्हाई. खाली एक ओळ मोकळी सोडून, बाबानी दोनदा घेतली.